एकाच अंगणात कोंबड्या आणि बदके : मारतो कोण ?

मागच्या हिवाळ्यात आमच्या वस्तीत २२ दिवसांत ५ कोंबड्या मेल्या आणि त्यापायी शेजारशेजारच्या दोन घरांचे बोलणे बंद झाले. (नायगाव म्हटले की बाहेरगावचे वाचक सावित्रीबाईंचे नायगाव समजतात. ते सातारा जिल्ह्यातले. आम्ही नांदेड जिल्ह्यातल्या, नरसीजवळच्या नायगावचे.) कोंबड्या ज्यांच्या मेल्या त्या अक्का रोजमजुरीला जातात. पती हयात नाहीत. मुलगी नांदेडला नर्सिंग शिकते आणि तिच्या मेसचे पैसे बरेचसे अंड्यांवर निघतात. आपल्याकडे सहज म्हणतात, 'कोंबडीच तर मेली.' पण त्या घरात एक कोंबडी म्हणजे एका खेपेची बारा-पंधरा गावरान अंडी, आणि गावरान अंड्याला आज दहा-बारा रुपये सहज मिळतात. आम्ही बी.कॉम. झालेले, दिवसभर कारकुनी करणारे. हिशेब मांडायची खोड जात नाही. तो मांडला तेव्हा अक्का इतक्या का रडल्या ते समजले.

"भाऊ, माझ्या कोंबड्या मरू लालेत. मी कुणाचं काय खाल्लं ?" असे म्हणत त्या एका सकाळी आमच्या दारात आल्या. हातात मेलेली कोंबडी होती.

वस्तीत तोवर तीन निकाल लागून गेले होते. पहिला निकाल अक्कांचाच. शेजारी ऑटो चालवणारा एक मुलगा आहे, त्याचा काळा कुत्रा मोकळा फिरतो, त्यानेच मारल्या. नळावर यावरून दोन वेळा तोंडातोंडी झाली आणि ठाण्यात जाण्याची भाषा निघाली. दुसरा निकाल करणीचा. एका शहाण्याने उतारा करायला सांगितले आणि त्यासाठी अंडीच मागितली. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, पण असे लोक कायदा मोडत नाहीत, फक्त दोन-चार अंडी घेऊन जातात. तिसरा निकाल बर्ड फ्लूचा, आणि तो मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. २००६ साली देशात हा रोग पहिल्यांदा निघाला तो आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात सुमारे ८०० कोंबड्या मेल्या. जानेवारी २०२५ मध्ये उदगीर शहरात कावळे मरून पडले, त्यांच्यातही तोच निघाला. त्यामुळे पौष महिन्यात कोंबडी मेली की माणसे घाबरतात, आणि घाबरणे बरोबर आहे.

पण आम्ही ती कोंबडी उजेडात नीट पाहिली. डोक्यामागची, मानेवरची पिसे गेलेली आणि कातडी सोलवटलेली होती. पाठीवर ओरखडे. शेपटीखालचा भाग सुजून लाल झालेला. कुत्र्याने धरली असती तर दात खोल रुतले असते. मुंगसाने धरली असती तर गळा फोडला असता आणि जमले तर ओढून नेली असती. बर्ड फ्लू असता तर अशा जखमा नसत्या आणि दोन-तीन दिवसांत सगळे खुराडे रिकामे झाले असते. इथे तर चार-पाच दिवसांनी एक अशा मरत होत्या. म्हणजे मारणारा अंगणातच होता आणि रोज थोडेथोडे मारत होता.

आम्ही अक्कांना विचारले, "अक्का, बदके कशी आहेत ?"

"बदकं एकदम चांगली हायेत भाऊ. त्यांना काय धाड भरलीय ?"

येथे आम्हाला आमची चूक सांगितली पाहिजे. ही बदके आमच्याच सल्ल्याने आली होती. जून महिन्यात अक्कांची एक कोंबडी खुडूक बसली होती. त्यांच्या देगलूरकडच्या पाहुण्यांनी बदकाची ७ अंडी आणली होती, आणि आम्हीच म्हणालो की खाण्यापेक्षा कोंबडीखाली ठेवा. कोंबडीची अंडी २१ दिवसांत फुटतात, बदकाची २८ दिवसांत. तेवढे दिवस ती बिचारी उठली नाही. ४ पिल्ले निघाली. पहिला पाऊस साचला तेव्हा पिल्ले डबक्यात शिरली आणि त्यांची कोंबडीआई काठावर ओरडत इकडून तिकडे धावत होती, ते पाहायला सगळी वस्ती जमली होती. पुढे काय होईल हे आम्हालाही ठाऊक नव्हते. ठाऊक नसताना सल्ला देणाऱ्यांत आम्ही मोडतो, हे त्या दिवशी कळले.

पुढच्या रविवारी अक्कांच्या अंगणात लिंबाखाली बाज टाकून आम्ही वही घेऊन बसलो. कोण कोणाला मारतो एवढेच लिहायचे ठरवले. पहिला अर्धा तास काही घडले नाही. मग एक कोंबडी पाणी प्यायला बदकांच्या डबक्याकडे गेली, आणि ४ पैकी ३ बदके एकदम तिच्यावर धावली. एकाने चोचीने मानेमागची पिसे धरली आणि पाठीवर चढले. दुसरे बाजूने ओढत होते. कोंबडी ओरडत होती, तिचे तोंड पाण्यात जात होते. आम्ही उठून सोडवली. तासाभरात पुन्हा तेच, दुसऱ्या कोंबडीशी. चौथे बदक, जे एकटेच मादी होते, ते कोपऱ्यात बसून होते. त्याच्याही मानेवर पिसे नव्हती. 'बदके एकदम चांगली आहेत' असे जे अक्का म्हणाल्या, त्यात हे चौथे बदक कोणी मोजलेच नव्हते.

आता जे लिहितो ते कुटुंबाच्या पानावर लिहावे की नाही, असा प्रश्न आम्हाला पडला होता. पण ज्या घरात आया-बहिणी कोंबड्या पाळतात त्यांना हे कोणी सांगत नाही, आणि न सांगितल्याने जनावरे मरतात. म्हणून स्पष्ट लिहितो. बहुतेक पक्ष्यांच्या नराला बाहेर येणारे लिंग नसते. कोंबड्यालाही नसते, त्याचा कोंबडीशी संग क्षणभराचा आणि वरवरचा असतो. बदकाच्या नराला मात्र ते असते, आणि बरेच लांब असते. मादी बदकाचे शरीर त्यासाठी घडलेले आहे, कोंबडीचे नाही. नर बदक कोंबडीवर वारंवार चढू लागले तर तिला आतून इजा होते, जखम चिघळते आणि ती मरते. वरून फक्त मानेची पिसे गेलेली दिसतात. पुष्कळ घरांत ती कोंबडी 'अशीच सुकत गेली' म्हणून सोडून देतात.

नर बदक कोंबडीच्या मागे का लागते ? एक कारण सरळ आहे, त्याला पुरेशा माद्या नसतात. बदकांत एका नरामागे ५-६ माद्या असाव्यात. अक्कांकडे ३ नरांमागे १ मादी होती. कोंबड्यांत एका कोंबड्यामागे ८-१० कोंबड्या चालतात. पशुसंवर्धन खात्याच्या ५० टक्के अनुदानाच्या योजनेत जो तलंगांचा गट दिला जात आला आहे, त्यातही २५ माद्यांमागे ३ नर असा हिशेब आहे. खात्याने तो आकडा उगाच ठरवलेला नाही.

दुसरे कारण जास्त विचार करण्यासारखे आहे. बदकाचे पिल्लू अंड्यातून निघाल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत ज्याला पाहते, ज्याच्या मागे चालते, त्यालाच आपले मानते. कोनराड लॉरेन्झ या ऑस्ट्रियाच्या शास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात हंसाच्या पिल्लांवर हे दाखवून दिले. ती पिल्ले त्यालाच आई समजून त्याच्या मागे चालत. त्याला पुढे १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तर कोंबडीखाली निघालेले, कोंबड्यांतच वाढलेले बदक मोठे झाले की जोडीदार कोंबड्यांत शोधू शकते. अक्कांची बदके दुष्ट नव्हती. आपण त्यांना कोंबडीच्या पोटाखाली ठेवले, आणि पाच-सहा महिन्यांची झाल्यावर ती त्याप्रमाणे वागली.

म्हणून ज्यांना कोंबडीखाली बदकाची अंडी ठेवायची आहेत त्यांनी ठेवावीत, खाकी कॅम्पबेलसारखी बदके स्वतः फारशी उबवायला बसतही नाहीत. पण पिल्ले चार महिन्यांची होताच नर ओळखून वेगळे काढावेत. ओळखायला सोपे आहे. पकडल्यावर जी मोठ्याने 'क्वॅक क्वॅक' ओरडते ती मादी. नराचा आवाज बसल्यासारखा, घोगरा असतो. पुढे नराच्या शेपटीवर दोन-तीन पिसे वर वळून कुरळी होतात. तेव्हाच ठरवावे की किती नर ठेवायचे. अंडी फक्त खायची आणि विकायची असतील तर एकही नर लागत नाही. नर नसला तरी बदकी अंडी देते, कोंबडीही देते. ते अंडे फक्त फुटत नाही. हे सांगितले तर अजून अनेकांना पटत नाही.

नर काढून टाकला की सगळे भांडण मिटेल असे मात्र नाही. कोंबड्यांचे स्वतःचे एक राज्य असते. नॉर्वेच्या श्येल्डेरुप-एब्बे या माणसाने लहानपणापासून घरच्या कोंबड्यांकडे पाहून १९२० च्या दशकाच्या आरंभी ते लिहून ठेवले. कोणती कोंबडी कोणाला टोचू शकते आणि कोणाचे टोचणे सोसते, याची कळपात उतरंड लागलेली असते. उतरंड हा शब्द आपल्या वाचकांना वेगळ्या संदर्भात पाठ आहे, म्हणून एवढे सांगतो की कोंबडीची उतरंड जन्मावर ठरत नाही. वरची आजारी पडली की खाली येते, नवी ताकदीची आली की सगळे पुन्हा ठरते. आणि खाण्याची जागा वाढवली की टोचणे पुष्कळ कमी होते. बदकाला ही उतरंड कळत नाही. कोंबडीने टोचले तर ते दबत नाही, उलटत नाही, सरळ तिच्या ताटात चोच घालते. कोंबडीला तो अपमान वाटतो आणि ती पुन्हा टोचते. मोठ्या बदकाचे त्याने फारसे बिघडत नाही, पण पिल्लू असेल तर डोळा जाऊ शकतो.

म्हणून दाणा दोन ठिकाणी टाकावा, आणि ती दोन ठिकाणे एकमेकांना दिसणार नाहीत अशी असावीत. मधे नुसते पोते टांगले तरी पुरते. बदकांना ओलसर मिश्रण आवडते, कोंबड्यांना कोरडे. बदकांच्या खाण्यात बुरशी धरलेली शेंगदाणा पेंड किंवा मका कधीही जाऊ देऊ नये. बुरशीचे विष कोंबडी काही प्रमाणात सोसते, बदक सोसत नाही.

खरे भांडण पाण्याचे असते. बदकाला दाणा गिळताना पाणी लागते आणि नाकपुड्या धुवायला डोके बुडवावे लागते. कोंबडीला पाय कोरडे लागतात. दोघांना एकच घमेले ठेवले की बदके तासाभरात चिखल करतात, कोंबड्यांना प्यायला राहत नाही, तुसाचे अंथरूण भिजते आणि रक्ती हगवण लागते. तळे नसले तरी बदक अंडी देते, हे आपल्या मराठवाड्यात विशेष लक्षात ठेवावे, कारण मे महिन्यात आपल्यालाच टँकरची वाट पाहावी लागते. सहा इंच खोल, अरुंद तोंडाचे भांडे पुरते. चोच आणि डोके बुडावे, अंग बुडू नये. जुना प्लास्टिकचा ड्रम आडवा चिरून घ्यावा आणि त्याखाली खड्ड्यावर जाळी टाकावी, म्हणजे सांडलेले खाली जाईल. कोंबड्यांचे पाणी दुसऱ्या टोकाला दोन विटांवर ठेवावे. आणि ते बदकांचे पाणी गल्लीत सोडू नये. पक्ष्यांचे भांडण मिटवताना माणसांचे सुरू होते.

रात्री दोघांना एका खुराड्यात कोंडणे ही सर्वात मोठी चूक. कोंबडी दांडीवर चढून झोपते, बदक जमिनीवर; वरची घाण खालच्याच्या अंगावर पडते. बदके रात्री गप्प बसत नाहीत. आणि कोंडल्यावर मार खाणाऱ्याला पळायला जागा नसते. कोंबडीला रात्री दीड-दोन चौरस फूट आणि बदकाला तीन-चार चौरस फूट जागा धरावी. वेगळे खुराडे बांधायला पैसे नसतील तर तुराट्यांचा कूड मधे घालावा, वर शेण-मातीचा हात द्यावा. अक्कांकडे आम्ही तोच घातला. तुराट्या शेजारच्या शेतातून फुकट मिळाल्या, एक दिवस आमचा गेला. सकाळी कोंबड्या आधी सोडाव्यात आणि बदके नऊच्या सुमारास. बदक बहुतेक अंडी त्याआधीच घालून मोकळे होते आणि अंडे चिखलात सापडत नाही.

एवढी जागाच नसेल तर बदके पाळू नयेत, असे आमचे स्पष्ट मत झाले आहे. खाकी कॅम्पबेल वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते आणि आपली गावठी कोंबडी साठ-सत्तर, हे ऐकून माणूस भुलतो. आम्हीही भुललो होतो. ती तीनशे अंडी चांगल्या खाण्यावर आणि मोकळ्या जागेवर मिळतात, दहा बाय बाराच्या अंगणात १४ कोंबड्यांच्या मधे नाही.

कोंबड्याचेही सांगितले पाहिजे, सगळा दोष बदकावर नको. काही कोंबडे बदकांच्या अंगावर जातात. पायामागचा काटा वाढलेला कोंबडा एका उडीत बदकाचा डोळा फोडतो. त्यात असील जातीचे रक्त असेल तर तो झुंजीसाठीच निपजलेला असतो. त्याला बदकांबरोबर ठेवूच नये. काट्याचे टोक घासून बोथट करता येते, पण ते पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवून करावे. कोंबड्यांच्या चोची घरी तापल्या लोखंडाने कापण्याचा प्रकार काही जण करतात, तो करू नये. त्याने टोचणे थांबते आणि खाणेही थांबते.

नवा पक्षी आणला तर लगेच सोडू नये. आठ-दहा दिवस जाळीपलीकडे ठेवावा, एकमेकांना दिसावेत पण लागू नयेत. त्यात आजारी असेल तर तेही कळते. मग संध्याकाळी खाऊ घालून सोडावा, आणि एकटा न सोडता दोन-तीन मिळून सोडावेत. एकट्यावर सगळा कळप उतरतो. बदकाची आणि कोंबडीची पिल्ले एका डालग्याखाली वाढवू नयेत. बदकाची पिल्ले पाणी उडवतात, कोंबडीची भिजून गारठतात.

रक्त दिसले की ती कोंबडी त्या मिनिटाला उचलावी. लाल रंगावर बाकीच्या टोचत राहतात आणि संध्याकाळपर्यंत संपवतात. जखम लाल औषधाच्या पाण्याने धुवावी, जांभळे औषध लावावे म्हणजे लाल रंग झाकला जातो, आणि डालग्याखाली अंधारात पाच-सहा दिवस ठेवावी. परत सोडताना बरोबर एखादी गरीब कोंबडी ठेवावी.

बर्ड फ्लूचेही एवढ्यासाठी लक्षात ठेवायचे की बदक तो विषाणू स्वतः आजारी न दिसता अंगावर वागवू शकते. बदके तळ्यावर रानपाखरांत चरून येतात आणि संध्याकाळी कोंबड्यांत मिसळतात, हे हिवाळ्यात धोक्याचे आहे. जखम नसताना दोन दिवसांत तीन-चार पक्षी मेले तर झाकून ठेवू नये, खाऊ नये, उकिरड्यावर टाकू नये. जवळच्या दवाखान्यात कळवावे किंवा १९६२ वर फोन करावा.

आता अक्कांचे. त्या रविवारी संध्याकाळी आम्ही वही वाचून दाखवली. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "कुत्र्याचं नाव मी चारचौघांत घेतलं भाऊ. आता कसं करू ?" आम्ही म्हणालो, "चारचौघांतच मागं घ्या." दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर गर्दी असताना त्या त्या मुलाच्या आईला म्हणाल्या, "ताई, तुझ्या कुत्र्यानं काही केलं नाही. माझंच जनावर होतं." ताईंनी घागर भरली, आणि काही न बोलता गेल्या. आम्हाला वाटले, बिघडले.

२ नर देगलूरच्या पाहुण्यांकडे परत पाठवायचे ठरले, त्यांच्याकडे तळ्याकाठी बरीच बदके आहेत. न्यायचे कसे, एस.टी.त कोण बसू देणार, असे चालले होते, तर तो मुलगाच ऑटो घेऊन दारात उभा. आईने पाठवले होते. येताना त्याच ऑटोत ४ माद्या आल्या. आता कुडापलीकडे १ नर आणि ५ माद्या आहेत, अलीकडे ९ कोंबड्या आणि १ कोंबडा. त्यानंतर कोंबडी मेली ती एकच, तीही घारीमुळे. देगलूरच्या भाड्याचे पैसे मुलाने घेतले नाहीत. अक्कांनी सहा अंडी दिली, ती मात्र घेतली.